स्मार्ट बोर्डाचं पाळीपत्रक

ज्या वस्तूला पाळीपत्रक नाही त्या वस्तूला किंमत नाही, हे नीरा डाव्या कालव्यावर जन्मलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. बाकी जगात तहान लागली की माणूस पाणी शोधतो. कालव्यावर पाळीपत्रकात ज्याचा जो दिवस लिहिला असेल त्या दिवशी आधी पाणी येतं, मग तहान लागते. याच शिस्तीवर दोन तालुक्यांचा ऊस उभा आहे, कारखाने उभे आहेत, आणि बारामती-इंदापूर रस्त्यावर सणसरच्या अलीकडे एक वरिष्ठ महाविद्यालय आहे, तेही उभं आहे. (नाव देत नाही. संस्थेची निवडणूक तोंडावर आहे, नाव बदलू शकतं.)

स्वरूपा मात्र सुप्याची. सुप्याकडं सगळं जिरायत. तिकडच्या माणसाला पाळीपत्रक ठाऊक नसतं, टँकर ठाऊक असतो. टँकर आला की ज्याला पाणी पाहिजे तो हंडा घेऊन पळतो. अशा अडाणी संस्कारांत वाढलेल्या मुलीला या महाविद्यालयानं 'अध्यापन-तंत्रज्ञान साहाय्य समन्वयक' नेमलं, यात संस्थेचं मन किती मोठं आहे ते दिसतं.

नेमणूक अकरा महिन्यांची होती, एक जुलै ते एकतीस मे. आदेशात लिहिलं होतं की प्राध्यापकवृंदास तंत्रज्ञानाच्या आधारे अध्यापन-अध्ययनाचा दर्जा उंचावण्याकामी हरप्रकारे मदत करावी. खाली बारीक अक्षरांत होतं की नव्या स्मार्ट बोर्डाचे चालू तास वर्षाअखेर किमान पाचशे भरल्यास नेमणुकीचं नूतनीकरण होईल, अन्यथा होणार नाही. बोर्ड किती तास चालू राहिला हे बोर्ड स्वतःच मोजत असे, त्यामुळं त्यात माणसाच्या प्रामाणिकपणाला वाव नव्हता.

या पाचशे तासांवर स्वरूपाचं सगळं अडलं होतं. त्याआधी तिनं चार वर्षं पुण्यात एका कंपनीत फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकल्या होत्या. फ्रीज बिघडलेली माणसं तिला शिव्या द्यायची, आणि निम्म्यांचा फ्रीज तर दुसऱ्याच कंपनीचा निघायचा. नोकरी सुटली तर परत तिथंच जायचं होतं. शिवाय तिला हे काम मनापासून आवडलं होतं. चांगल्या शिकवणाऱ्याच्या हातात चांगलं साधन दिलं तर पोरांचं भलं होईल, असं तिला खरोखर वाटायचं. वय अठ्ठावीस, दुसरं काय.

पहिल्याच सभेत तिनं छत्तीस प्राध्यापकांसमोर बोर्ड चालवून दाखवला आणि शेवटी म्हणाली की बोर्ड सगळ्यांसाठी आहे, ज्याला जेव्हा गरज पडेल तेव्हा त्यानं वापरावा. गरज पडली म्हणून एखादी गोष्ट घ्यायची, ही कल्पना तिथं कुणी ऐकली नव्हती. प्राचार्य रविराज सरांनी आभार मानले आणि चहा आला.

पुढच्या तीन महिन्यांत स्वरूपाच्या साहाय्य कक्षानं प्राध्यापकांना एकूण दोनशे चौदा वेळा मदत केली. त्याची वर्गवारी अशी: फोनमधली भरलेली जागा मोकळी करून देणं, एकाहत्तर वेळा. सातबारा उतरवून देणं, अठ्ठावन्न. वाढदिवसाचा फलक तयार करणं, चाळीस. कारखान्याकडं ऊसनोंद झाली का ते बघणं, तेहतीस. नातवाचे फोटो मोठे करणं, अकरा. अध्यापन, एक. (हे सर बोर्ड बंद कसा करायचा ते विचारायला आले होते.) बोर्डाचे चालू तास भरले चार, आणि त्यातले तीन सफाईच्या वेळी कुणाचा तरी हात लागला म्हणून.

स्वरूपाच्या तोंडचं पाणी पळालं. बारामतीच्या खोलीवर ती रोज पाचशेतून चार वजा करायची. सप्टेंबरच्या शेवटी ती एसटीच्या थांब्यावर तोंड पाडून उभी असताना दत्तोबा तात्यांनी गाडी थांबवली. तात्या भूगोलाचे प्राध्यापक, नोकरी एकतीस वर्षं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांची बावीस एकर जमीन कालव्याच्या फाट्याच्या अगदी तोंडाशी. पाणी सुटलं की पहिलं त्यांच्या बांधाला लागायचं. माणूस मायाळू. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"पोरी, तुझं चुकतंय कुठं सांगू?" तात्या म्हणाले. "तू फुकट वाटतीयास. पाळीपत्रक लाव. मग बघ, कोन घरी बसतंय ते."

दुसऱ्या दिवशी तिनं पाळीपत्रक लावलं. नोकरीच्या ज्येष्ठतेनं एक ते छत्तीस नंबर, प्रत्येकाला एक दिवस, दिवसाचे सहा तास. अर्जाचा नमुना तात्यांनीच घरून पाटबंधाऱ्याचा आणून दिला. त्यात 'पिकाचे नाव' खोडून 'विषयाचे नाव' केलं आणि 'क्षेत्र' तसंच ठेवलं. दुपारी बारापर्यंत छत्तीस अर्ज आले. ज्यांना तीन महिन्यांत कक्ष कुठं आहे ते सापडलं नव्हतं, ते दाराशी भांडत होते की आपला नंबर आठवा कसा, सहावा का नाही.

त्या दिवसापासून बोर्ड जो चालू झाला तो बंद म्हणून पडला नाही. कालव्याचा नियमच आहे, पाळी सोडली की हक्क जातो. रान ओलं असलं तरी पाणी घ्यायचं, नको असलं तरी घ्यायचं, आज आपण नाही म्हटलं तर उद्या नाव कट होतं. हा नियम प्राध्यापकांनी मनोभावे पाळला. ज्याचा नंबर असेल तो सकाळी येऊन बोर्ड चालू करायचा आणि त्यावर निळा पडदा आला की समाधानानं आपल्या नेहमीच्या वर्गावर जाऊन खडू-फळ्यावर शिकवायचा. संध्याकाळी सहा तास भरले की सही. राज्यशास्त्राचे दीपक सर आपल्या दिवशी इंदापूरला लग्नाला गेले होते, पण हक्क बुडू नये म्हणून त्यांनी मेव्हण्याला दारं धरायला पाठवलं. मेव्हण्यानं रात्री सरीसरीला पाणी वळवत उसाला दारं धरलेली, त्यामुळं सकाळी बोर्डापुढं धरणं त्याला काहीच जड गेलं नाही. तो सहा तास निळ्या पडद्यासमोर खुर्ची टाकून बसला आणि जेवायलासुद्धा उठला नाही. त्याच्या निष्ठेबद्दल रविराज सरांनी सूचना फलकावर अभिनंदन लावलं.

पुढं गोष्टी रीतीनं वाढल्या. वाणिज्य विभागानं खिडकीतून तीस मीटर वायर टाकून दुसऱ्याच्या पाळीतला पडदा आपल्या वर्गात उचलला, त्याचा पंचनामा झाला. तंटे मिटवायला 'स्मार्ट बोर्ड वापर संस्था' निघाली. तिच्या संचालक मंडळाची निवडणूक बिनविरोध झाली (दोघांनी अर्ज मागं घेतले, त्यांना उपाध्यक्ष केलं). अध्यक्ष अर्थातच दत्तोबा तात्या. स्वरूपाला मंडळाची सचिव करण्यात आलं, म्हणजे नोंदवही तिनं लिहायची. तास भराभरा चढू लागले. शंभर झाले, दीडशे झाले. तिला रात्री झोप लागायला लागली, आणि खरं सांगायचं तर तिनं त्या निळ्या पडद्याकडं बघणं सोडून दिलं होतं.

छत्तिसाव्या नंबरला होत्या रोहिणीबाई. रसायनशास्त्र, तासिका तत्त्वावर, नोकरी दोन वर्षं. म्हणजे टेलला. टेल म्हणजे जिथं फाटा संपतो आणि नकाशात पाणी पोचतं. पहिलं आवर्तन, म्हणजे पाळ्यांचा पहिला फेरा, चौतिसाव्या नंबरला आलं आणि दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर नियमानुसार नवं आवर्तन वरून सुरू झालं. दुसरं चौतिसाला आलं आणि स्नेहसंमेलनासाठी बोर्डाची खोली कपडे बदलायला दिली. (पस्तिसाव्या नंबरला ग्रंथपाल होते. त्यांना बोर्ड नको होता, पण त्यांनी हरकत नोंदवली.) जानेवारीच्या शेवटी तिसरं आवर्तन सुटलं, पहिला नंबर तात्यांचा.

गंमत अशी की अख्ख्या महाविद्यालयात बोर्डाची खरी गरज एकट्या रोहिणीबाईंना होती. त्यांना रेणू फिरवून दाखवायचे होते. सपाट फळ्यावर त्या खडूनं काढायच्या, पुसायच्या, परत तिरके काढायच्या, आणि पोरं वहीत बटाट्यासारखं काहीतरी उतरवून घ्यायची. स्वरूपाकडून त्यांनी सगळं शिकून घेतलं होतं, घरून पाठ तयार करून पेन ड्राइव्हवर आणला होता, आणि तो पेन ड्राइव्ह त्या चार महिने पर्समध्ये घेऊन फिरत होत्या. तक्रार त्यांनी कधी केली नाही. तक्रार केली असती तर पुढच्या वर्षी तासिका मिळाल्या नसत्या, एवढं त्यांना रसायनशास्त्राबाहेरचंही कळत होतं.

तात्यांच्या पाळीच्या दिवशी त्यांच्या उसाला तोड आली. ते फडात. दारं धरायला त्यांनी पुतण्या पाठवला होता, तो चहाला गेला. खोलीत चिटपाखरू नाही आणि बोर्ड आपला चालूच. स्वरूपा वही घेऊन आत आली, त्या रिकाम्या खुर्च्या बघितल्या, आणि तिच्यातली सुप्याची मुलगी एकदम जागी झाली. पाणी दिसतंय आणि हंडा घेऊन पळायचं नाही, हे तिला सहनच होईना. ती धावत गेली आणि रोहिणीबाईंना पोरांसकट घेऊन आली.

पंचेचाळीस मिनिटं. रोहिणीबाईंनी साखरेचा रेणू बोर्डभर मोठा केला, फिरवला, आणि त्याचे दोन तुकडे कसे होतात ते दाखवलं. तोडलेला ऊस पडून राहिला की आतल्या आत हेच होतं, म्हणाल्या, साखर मोडते आणि मोडलेली साखर कारखान्याला पोत्यात भरता येत नाही. खोलीतलं एकूण एक पोर उसाच्या घरचं. कुणी हललं नाही. मग मागच्या बाकावरचा मल्हार, जो हजेरीशिवाय तोंड उघडत नसे, तो उठून उभा राहिला.

"मॅडम, आमचा ऊस तोडून चार दिवस फडात पडला हुता, वाहन न्हाय म्हनून. आबा म्हनत्यात वजन घटलं. पन म्हंजे आतली साखरबी अशीच मोडत गेली का?"

रोहिणीबाई व्हय म्हणाल्या. मग एकामागून एक प्रश्न सुरू झाले. खोडवा लवकर मोडतो का, जळीत ऊस जास्त मोडतो का, थंडीत कमी मोडतो का. तास संपल्याची घंटा झाली तरी पोरं उठेनात. दाराशी उभी स्वरूपा वही मिटून ऐकत राहिली. गेल्या सात महिन्यांत पहिल्यांदा तिला वाटलं की आपण पगार घेतो त्याचं काहीतरी झालं. आनंदानं तिला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात पुतण्या चहा पिऊन परत आला.

बोर्ड वापर संस्थेची तातडीची सभा दुसऱ्या दिवशी भरली. विषय एकच: विनापरवाना उचल. स्वरूपानं सांगून बघितलं की खोली रिकामी होती, बोर्ड नुसता चालू होता, कुणाचं काही कमी झालं नाही. संचालकांनी एकमेकांकडं बघितलं. तात्यांना तर खरंच वाईट वाटलं होतं. ते रागावले नाहीत, एखाद्या लेकीला समजवावं तसं बोलले.

"वाया चाललंय म्हनून उचललं, असं न्हाय चालत, पोरी. वाया जानारं पानीबी ज्याचं त्याचं असतंय. आज तू पाऊण तास उचलला, उद्या समदा टेल उठंल. मग आमी काय करायचं?"

ठराव तीन झाले. एक, रोहिणीबाईंचं नाव चालू आवर्तनातून कमी करावं. दोन, पुतण्याला समज द्यावी. तीन, सचिवांची नोकरी कच्ची असल्यानं त्यांना माफ करावं, मात्र सदर पंचेचाळीस मिनिटं नोंदवहीत अध्यक्षांच्या नावे, भूगोल या विषयाखाली लिहावीत. स्वरूपानं पेन उघडलं. तिला लाज वाटत होती आणि कोपऱ्यात बसलेल्या रोहिणीबाईंकडं बघवत नव्हतं. वहीच्या वरच्या कोपऱ्यात एकूण तासांचा आकडा होता, चारशे चौदा. अजून शहाऐंशी हवे होते. तिनं लिहिलं: भूगोल.

मार्चअखेर तिसरं आवर्तन चौतिसाव्या नंबरला थांबलं. चौतीस दिवस त्रिक एकशे दोन, गुणिले सहा, बरोबर सहाशे बारा तास. (पाळीपत्रकाआधीचे चार तास बोर्ड वापर संस्थेच्या हिशेबात धरले नाहीत, ते बेकायदेशीर वापरात मोडतात.) विभागात दुसऱ्या कुठल्याही महाविद्यालयाचा आकडा दोनशेच्या वर नव्हता.

एप्रिलमध्ये तीन सदस्यांची मूल्यांकन समिती आली. समितीनं आकडा बघितला, पुन्हा बघितला, आणि अध्यक्षांनी चष्मा काढून रविराज सरांशी हात मिळवला. पाळीपत्रक, अर्जाचा नमुना, पंचनाम्यांची फाईल, सगळं बघून त्यांनी 'अनुकरणीय उपक्रम' असा शेरा मारला. खोलीत हापूसचा रस आणि पुऱ्या होत्या. सगळं सुखरूप पार पडत होतं. पण तिसऱ्या सदस्य बाई वयानं लहान होत्या, आणि लहान वयाची माणसं कधीकधी विद्यार्थ्यांशी बोलतात. त्यांनी विज्ञानाच्या वर्गात जाऊन विचारलं की या बोर्डावरचा कुठला तास तुमच्या लक्षात राहिला. बत्तीस पोरं एका आवाजात म्हणाली, रोहिणी मॅडमचा साखरेचा. मल्हारनं तर उठून आख्खा रेणू तोंडी सांगितला, तोसुद्धा मधे न अडखळता.

समितीनं नोंदवही मागवली. रसायनशास्त्र, शून्य तास. बाईंनी वही दोनदा चाळली आणि स्वरूपाकडं वळून विचारलं की हा तास झाला होता का.

खोलीत प्राचार्य होते, तात्या होते, दीपक सर होते. दाराबाहेर रोहिणीबाई उभ्या होत्या, आत बोलावलं नव्हतं म्हणून. स्वरूपाच्या डोळ्यांपुढं ती बत्तीस पोरं आली, घंटा होऊनसुद्धा न उठलेली. मग पुण्यातला तो फोन आठवला, आणि पलीकडून ओरडणारा माणूस, ज्याचा फ्रीज दुसऱ्याच कंपनीचा होता.

"नोंद नाही, मॅडम," ती म्हणाली.

समितीच्या अहवालात या प्रकाराची रीतसर दखल घेतली गेली. 'विद्यार्थ्यांची स्मरणशक्ती अभिलेखाशी जुळत नसल्याचे आढळले. उपचारात्मक वर्ग घ्यावेत.' ते वर्ग मे महिन्यात घेण्यात आले, आणि मल्हारला पहिल्या बाकावर बसवण्यात आलं.

एकतीस मेला दोन पत्रं निघाली. स्वरूपाचं नूतनीकरण झालं, वर बढती मिळाली. आता तिनं जिल्ह्यातल्या सात महाविद्यालयांना पाळीपत्रक शिकवायचं होतं. रोहिणीबाईंच्या तासिका बंद झाल्या, कारण तंत्रज्ञानाचा वापर शून्य. स्वरूपा त्यांच्या घरी गेली आणि रडली. रोहिणीबाईंनी तिला पाणी दिलं. त्या इंदापुरात खासगी शिकवणी घेणार होत्या, तिथं फळा मोठा आहे म्हणाल्या. जाताना त्यांनी तो पेन ड्राइव्ह स्वरूपाच्या हातात ठेवला, कुणाला लागला तर दे, म्हणाल्या. राग त्यांच्या बोलण्यात नव्हता. असता तर स्वरूपाला जरा बरं वाटलं असतं.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर निळ्या पडद्याचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत सहाशे बारा. स्वरूपाला मदतीच्या टेबलावर बसवलं होतं. माळेगावचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले, चांगले शहाणे, कारखान्याचे सभासद, मुलीनं संशोधक व्हावं अशी मनापासून इच्छा असलेले. त्यांनी विचारलं की बोर्ड खरंच एवढा चालतो का. स्वरूपाच्या मनात काय आलं कोण जाणे. तिनं आवाज खाली घेतला आणि म्हणाली की बोर्डाचं सोडा काका, रसायनशास्त्राला इथं एक बाई होत्या, त्या आता इंदापुरात असतात, मुलीला त्यांच्याकडं पाठवा.

गृहस्थांनी तिच्याकडं संशयानं बघितलं.

"त्या बाईंचं न्हाय विचारलं मी," ते म्हणाले. "चांगल्या असत्या तर ठेवल्या नसत्या का? तास किती ते सांगा."

"सहाशे बारा," स्वरूपा म्हणाली.

त्यांनी तिथल्या तिथं फॉर्म भरला. त्यांच्या मागं रांग जिन्यापर्यंत गेली होती, आणि वर्षाच्या सगळ्या जागा चार दिवसांत संपल्या. या गृहस्थांना हसायचं काही कारण नाही. तुमचं पोर ज्या कॉलेजात आहे त्याची इमारत तुम्ही बघितलीत, बोर्ड बघितलात, बसची सोय विचारलीत, टक्केवारी दोन ठिकाणी ताडून घेतलीत आणि फी भरून पावती जपून ठेवलीत. आता जागचे न उठता आणि पोराला न विचारता सांगा, तिथं त्याला रसायनशास्त्र कोण शिकवतं? नाव सांगता आलं, तर ही कथा तुमच्यासाठी नव्हती, तुमचा वेळ घेतला म्हणून माफी असावी. नाही आलं, तर रांगेत पुढं सरका, मागं माणसं खोळंबलीत.